घरपट्टी कमी होते, पण अर्ज केल्यावर

निवृत्त माणसाच्या कपाटात एक पिशवी असतेच. तिच्यात खरेदीखत, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, विजेची जुनी बिले आणि रबरबँड लावून ठेवलेल्या घरपट्टीच्या पावत्या असतात. पावत्या जपायची सवय आपल्या पिढीला आहे, वाचायची मात्र नाही. बिल आले की शेवटचा आकडा पाहायचा, ‘यंदाही वाढली’ म्हणायचे आणि भरून टाकायची. हल्ली तर मुलगा किंवा सून मोबाइलवरून परस्पर भरते, त्यामुळे आकडाही नजरेखालून जात नाही.

पगार चालू असताना हे खपून जायचे. पेन्शनवर किंवा ठेवीच्या व्याजावर घर चालवताना खपत नाही. म्हणून एक दुपार काढा, ती पिशवी टेबलावर रिकामी करा आणि हा लेख शेजारी ठेवा. अनेक घरांत मिळू शकणारी सवलत केवळ अर्ज केला नाही म्हणून पडून असते.

साठी झाली म्हणून सूट मिळते का?

ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत हमखास विचारला जाणारा हा प्रश्न आहे. उत्तर आधीच देतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. केवळ वय झाले म्हणून घरपट्टी माफ किंवा कमी होईल, असा महाराष्ट्रभर लागू असलेला नियम नाही. दिल्ली महापालिकेत तशी तरतूद आहे. तिथे ज्येष्ठ नागरिकाला स्वतः राहत असलेल्या, २०० चौरस मीटरपर्यंतच्या एका घरावर ३० टक्के सूट मिळते. अमेरिकेत टेक्सास राज्यात घरमालक ६५ वर्षांचा झाला की त्याच्या राहत्या घरावरील शाळा-कराला कमाल मर्यादा लागते. तिकडे स्थायिक झालेली मुले फोनवर हे सांगतात आणि आपल्याला वाटते, इथेही असेल.

इथली रीत वेगळी आहे. आपल्याकडे सूट ठरते ती घर किती मोठे आहे, त्यात कोण राहते, ते कोणाच्या नावावर आहे आणि बिल कधी भरले यावर. आता गंमत पाहा. लहान आणि जुने घर, त्यात मालक स्वतः राहतो, घर एकट्या बाईच्या नावावर आहे, मालक माजी सैनिक आहे किंवा दिव्यांग आहे, या सगळ्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांच्या घरांत जास्त आढळतात. म्हणजे वयाची म्हणून सूट नसली तरी वयस्कांच्या वाट्याला येणाऱ्या सुटी बऱ्याच आहेत. फक्त त्या आपल्या पावलांनी चालत येत नाहीत.

एखाद्या नगरपालिकेने ज्येष्ठांसाठी स्वतंत्र ठराव केलेला असू शकतो. म्हणून आपल्या कार्यालयात ‘घरपट्टीत कोणाकोणाला सवलत आहे?’ असा सरळ प्रश्न विचारावा. ‘ज्येष्ठांना आहे का?’ एवढेच विचारले तर ‘नाही’ हे उत्तर ऐकून परत याल.

आधी बिल वाचा

घरपट्टी हा एक कर नसून करांची जुडी आहे. सर्वसाधारण कर, साफसफाई, पाणीपट्टी, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्षकर, पथकर, पालिकेचा शिक्षण उपकर आणि राज्य सरकारसाठी गोळा केला जाणारा शिक्षण कर असे अनेक रकाने त्यात असतात. पालिकेगणिक नावे थोडी बदलतात.

हे समजून घ्यायचे कारण असे की बहुतेक सवलती फक्त सर्वसाधारण करावर असतात. समजा, वर्षाचे बिल १२,००० रुपये आहे आणि त्यात सर्वसाधारण कर ५,००० आहे. ‘१० टक्के सूट’ म्हणजे इथे ५०० रुपये. १,२०० रुपये कमी होतील असे धरून बसलात तर उगाच खिडकीवर वाद होतो.

बिलावर आणखी तीन गोष्टी तपासा: घराचे क्षेत्रफळ, वापर निवासी लिहिला आहे की बिगरनिवासी, आणि ‘स्वतः राहतात’ अशी नोंद आहे की भाडेकरूची. एक सोपी खूण सांगतो. राज्याचा रोजगार हमी उपकर बिगरनिवासी जागेवर लागतो. तुमच्या बिलात त्या रकान्यात रक्कम दिसली तर घराचा काही भाग व्यापारी वापराचा म्हणून नोंदला गेला आहे, असे समजा. वीस वर्षांपूर्वी पुढची खोली शिकवणीला किंवा दवाखान्याला दिली होती, ती कधीच बंद झाली. पण पालिकेच्या वहीत ती अजून चालूच आहे, असे होते. वापर बदलल्याचा अर्ज द्या, पाहणी करून घ्या आणि पाहणी झाल्याचा लेखी कागद मागा.

पुण्यातली ४० टक्क्यांची गोष्ट

पुणे महापालिकेत घरमालक स्वतः राहत असेल तर वार्षिक करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देण्याची पद्धत १९७० पासून होती. मध्यंतरी लेखापरीक्षणातील आक्षेपामुळे राज्य सरकारने ती थांबवली आणि अनेकांची बिले एकदम फुगली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा लागू केली.

तिचा परिणाम किती, ते पाहा. तुमच्या घराचे महिन्याचे वाजवी भाडे पालिकेने ५,००० रुपये धरले असेल तर वर्षाचे ६०,००० होतात. देखभालीची १० टक्के वजावट गेल्यावर ५४,००० उरतात. ४० टक्के सवलत असेल तर करपात्र रक्कम ३२,४०० वर येते. बिलही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. ही सूट एका वर्षापुरती नाही, दर वर्षी मिळते.

ज्यांची सवलत कधी गेलीच नाही त्यांना काही करायचे नाही. पण ज्यांच्या घराची आकारणी सवलत बंद असण्याच्या काळात झाली, किंवा सर्वेक्षणानंतर ज्यांची सवलत काढली गेली, त्यांनी पीटी-३ हा अर्ज भरायचा असतो. सोबत स्वतः राहत असल्याचा सोसायटीचा दाखला, नसल्यास मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, गॅस कार्ड किंवा रेशन कार्ड यांपैकी पुरावा जोडतात. पुण्यात दुसरे घर असेल तर त्याच्या बिलाची प्रतही लागते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच धरतात, हे पुणेकराला वेगळे सांगायला नको.

घर भाड्याने देऊन तुम्ही मुलाकडे राहायला गेलात तर ही सवलत टिकत नाही. ती माहिती लपवू नका. पुढे फरकाची रक्कम दंडासह अंगावर येते आणि सत्तरीत तो झमेला नको.

सोसायटीत सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत प्रकल्प असेल तर पुण्यात एका प्रकल्पाला ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सूट मिळते. प्रकल्प खरोखर चालू हवा. पालिका तपासणी करते. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय ज्येष्ठ सभासदांनीच काढावा. सगळ्यांचाच फायदा आहे, त्यामुळे विरोध कमी होतो.

मुंबईत ५०० चौरस फूट

मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंत, चटई क्षेत्र असलेल्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. गिरगाव, परळ, मुलुंड, बोरिवली इथल्या कितीतरी वृद्ध जोडप्यांची घरे याच मापात बसतात.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला, मापाचा. पालिकेच्या नोंदीत चटई क्षेत्र किती आहे ते पाहा. जुन्या कागदांवर बिल्टअप क्षेत्र लिहिलेले असते आणि ते चटई क्षेत्रापेक्षा जास्त असते. घर प्रत्यक्षात ४८० चौरस फूट असून नोंद जास्त असेल तर मोजणीचा अर्ज करावा. शेजारची खोली घेऊन दोन घरे एक केली असतील तर बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते.

दुसरा घोळ सोसायटीच्या बिलात. मुंबईत अनेक ठिकाणी पालिकेचे बिल सगळ्या सोसायटीला एकच येते आणि ती रक्कम मासिक देखभाल बिलातून वसूल होते. तेव्हा तुमच्या घराचा कर पालिकेने माफ केला, पण तो सोसायटीच्या बिलातून कमी झाला का, हे तपासले पाहिजे. सचिवांकडे पालिकेच्या बिलाचा घरनिहाय तपशील मागा. सभासद म्हणून तो पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे.

बाईच्या नावावर घर, दिव्यांग मालक, माजी सैनिक

पिंपरी-चिंचवडमध्ये घर केवळ बाईच्या नावावर असेल आणि ती स्वतः त्यात राहत असेल तर सर्वसाधारण करात ३० टक्के सूट आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मालकाला ५० टक्के आहे. उतारवयात ऐकू येणे, दिसणे किंवा चालणे गेले तरी ‘आता वयच झालं’ म्हणून आपण दाखला काढत नाही. शासकीय रुग्णालयात तपासणी करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते आणि त्याचा उपयोग एसटीपासून आयकरापर्यंत अनेक ठिकाणी होतो. तो काढाच. अशा सुटींना बिल ठरावीक मुदतीत पूर्ण भरण्याची अट जोडलेली असते, हे विसरू नका.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांच्यासाठी राज्य सरकारने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना एका राहत्या घराचा मालमत्ता कर माफ होतो आणि गावातल्या घरालाही ती लागू आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणि एकाच घरासाठी लाभ घेत असल्याचे घोषणापत्र लागते. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कितीतरी गावांत घरटी एक फौजी आहे. तिथल्या ग्रामपंचायतीत चौकशी करून पाहा. वीरपत्नी आणि वृद्ध विधवांना कोणीतरी सोबत जाऊन हा अर्ज करून दिला पाहिजे.

तारीख चुकली की दोन टक्के

पुण्यात ३१ मेपर्यंत पूर्ण वर्षाचे बिल भरले तर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट असते. १० टक्के मिळते ती लहान घरांना, म्हणजे वार्षिक करपात्र रक्कम २५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना. ही मुदत कधी कधी वाढते. तिच्या भरवशावर राहू नका. बाकी पालिकांच्या मुदती वेगळ्या आहेत, त्या बिलावर छापलेल्या असतात.

मुदत उलटली की महापालिका कायद्यानुसार थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड चढतो. १२,००० रुपये थकले तर महिन्याला २४० आणि वर्षाला २,८८०. वर्षाला २४ टक्के झाले हे. कोणतीही बँक ज्येष्ठांना ठेवीवर एवढे व्याज देत नाही. त्यामुळे ‘ठेव मोडायला नको, घरपट्टी नंतर भरू’ हा हिशेब उलटा पडतो. ठेव मुदतीआधी मोडून थोडे व्याज गेले तरी घरपट्टी आधी भरणे स्वस्त पडते.

सहा महिने मुलांकडे परदेशी जाणार असाल तर निघण्यापूर्वी वर्षाचे बिल भरून जा. मिळकत क्रमांक लिहिलेला कागद शेजाऱ्याकडे ठेवा. आणि मोबाइलवर ‘घरपट्टी थकली आहे, खालील लिंकवर भरा’ असा निरोप आला तर त्यावर बोट लावू नका. पालिकेच्या संकेतस्थळावर किंवा नागरी सुविधा केंद्रातच पैसे भरा.

नाव बदलले का?

यजमान जाऊन आठ वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येते, असे प्रत्येक आळीत एक घर असते. पैसे भरले जातात म्हणून कोणी बोलत नाही. पण बाईच्या नावाची सूट, पीटी-३, सैनिक पत्नीची माफी, या प्रत्येक अर्जाला अर्जदार आणि बिलावरचे नाव एक असावे लागते. नाव बदलले नाही तर सगळे तिथेच अडते.

मृत्यूचा दाखला, वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र किंवा वारस दाखला, इतर वारसांची ना-हरकत, शेअर सर्टिफिकेट किंवा इंडेक्स टू आणि थकबाकी नसलेली शेवटची पावती, एवढे साधारण लागते. मुले गावोगावी, देशोदेशी पांगण्याआधी, दिवाळीला सगळे एकत्र आले की ना-हरकतीवर सह्या घेऊन टाका.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. घरपट्टीच्या बिलावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली असे नाही. आणि सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे घर त्या माणसाचे झाले असेही नाही. मालकीचा प्रश्न वारसा, मृत्युपत्र आणि नोंदणीकृत दस्त यांनीच सुटतो.

याच अनुषंगाने एक धोक्याची सूचना. ‘बाईच्या नावावर सूट आहे, घर सुनेच्या नावावर करून टाका’ किंवा ‘बक्षीसपत्राला फार खर्च येत नाही, मुलाच्या नावावर करा’ असा सल्ला मिळतो. वर्षाचे दोन-तीन हजार वाचवण्यासाठी राहते छप्पर सोडू नका. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मिळवण्याची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. पण त्यासाठी म्हातारपणी न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. द्यायचेच असेल तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहा आणि आपल्या वकिलाकडून तपासून घ्या.

आकारणी चुकीची वाटते, थकबाकी डोईजड झाली

नवी आकारणी किंवा वाढ झाली की पालिका नोटीस देते आणि हरकत घेण्याची मुदत त्यात असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, सुनावणीला स्वतः जा किंवा मुलाला अधिकारपत्र देऊन पाठवा. तिथे समाधान झाले नाही तर न्यायालयात अपील करता येते, पण साधारणपणे आधी कराची रक्कम भरावी लागते. म्हणून मुदतीतली हरकत हाच सोपा आणि बिनखर्चाचा टप्पा आहे. तो चुकवू नका.

जुनी थकबाकी मोठी असेल तर दोन वाटा आहेत. पालिका अधूनमधून अभय योजना आणतात, त्यात दंडाचा मोठा भाग माफ होतो, मूळ कर मात्र भरावाच लागतो. राष्ट्रीय लोकअदालतीतही अशी प्रकरणे तडजोडीला ठेवतात. तोपर्यंत गप्प बसू नका. जमेल तेवढी रक्कम भरून पावती घ्या. पुण्यात थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवल्याचे आपण पाहिले आहे. ती वेळ येऊ नये.

घर मोठे आणि हातात पैसा कमी असेल तर साठी ओलांडलेल्यांना बँकेची रिव्हर्स मॉर्गेज योजना आहे. घर तारण ठेवून दरमहा रक्कम मिळते आणि हयातीत घर सोडावे लागत नाही. पण त्यातही घरपट्टी तुम्हालाच भरावी लागते, हे करारात वाचून घ्या. घर भाड्याने दिले असेल तर तुम्ही स्वतः भरलेली घरपट्टी आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते. त्यासाठी पावती त्याच वर्षातली हवी.

गावाकडचे घर

गावच्या घराची आकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. त्याचा उतारा काढा. मातीचे घर पडून गेले असेल आणि नोंद अजून पूर्ण घराची असेल, किंवा कौलारू घर आरसीसी म्हणून लागले असेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) लेखी अर्ज द्या. भावाभावांच्या वाटण्या झाल्या असतील तर घरपट्टीही वेगळी करून घ्या, नाहीतर गावात राहणारा एकटा भाऊ सगळ्यांची भरत राहतो.

एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा

१. मिळकत क्रमांक आणि बिलावरचे नाव.
२. क्षेत्रफळ, वापर आणि ‘स्वतः राहतात’ ही नोंद बरोबर आहे का?
३. कोणती सूट लागू आहे आणि ती यंदाच्या बिलात दिसते का?
४. सवलतीसह भरण्याची शेवटची तारीख.
५. दिलेल्या अर्जांच्या पोच आणि त्यांच्या तारखा.

एवढे केले की तुमचे काम झाले. पण तुमच्याच जिन्यात, वरच्या मजल्यावर, एखाद्या आजी एकट्या राहत असतील. त्यांना पायऱ्या उतरवत नाहीत, अर्ज वाचता येत नाही, आणि मुलगा परगावी असतो. क्षेत्रीय कार्यालयात जाल त्या दिवशी त्यांचेही बिल बरोबर न्या.